इंदूरमधला समलैंगिकतेवरचा बायबल अभ्यासवर्ग: आईवडिलांना घेऊन जावं का?

हा रिव्ह्यू मुद्दाम मराठीत लिहितेय. आपल्या इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत या विषयावर एकतर कुजबुज चालते नाहीतर रडारड, आणि हा वर्ग कसा आहे, तिथे नक्की काय शिकवतात, घरच्यांना न्यावं की नको असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

वर्ग पलासियाच्या बाजूला एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी भरतो. मंडळीचं नाव लिहीत नाही, त्यांनीच तशी विनंती केलीय, कारण येणाऱ्यांत काही जण असे असतात ज्यांच्या घरी अजून काही माहीत नसतं. नंबर ओळखीतून मिळतो. विषय असा की बायबल प्रेमाबद्दल, देहाबद्दल, लग्नाबद्दल काय म्हणतं आणि समलैंगिक माणसाने व त्याच्या घरच्यांनी ते कसं वाचावं. ठरलेली फी नाही, झेरॉक्स आणि चहाचे पैसे डब्यात टाकायचे, ज्याला जमेल तेवढे. शिकवणारे एक रिटायर्ड पाळकसाहेब आहेत, मराठी घरातले पण आयुष्य माळव्यात गेलेलं, त्यामुळे एक वाक्य मराठीत तर पुढचं हिंदीत, ते आपल्याला इथे सवयीचंच आहे.

आम्ही का गेलो ते सांगते. माझा धाकटा भाऊ गे आहे, बंगलोरला नोकरी करतो, त्याने घरी सांगितलं. आई वर्षानुवर्षं संडेस्कूल घेते, बायबल तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाठ आहे, त्यामुळे 'देव प्रेम आहे, विषय संपला' असं कोणी वरवर सांगून तिला पटणारच नव्हतं. आणि त्याआधी एका नातेवाइकाने तिला 'सुटकेची प्रार्थना' करणाऱ्या एका माणसाकडे नेलं होतं. त्याने मुलाला न बघता, न भेटता सांगितलं की त्याच्यात आत्मा शिरलाय, उपवास करा, मुलाला माझ्याकडे काही महिने ठेवा, बरा करून देतो, आणि वर दानार्पणाचा आकडा. आई घरी आली ती दोन घास जेवेना, रात्रभर 'माझ्याच प्रार्थनेत कमी पडलं' एवढंच म्हणत बसली. माझ्या आईला असं बोलायला लावणाऱ्या माणसाचा मला आजही संताप येतो.

म्हणून या वर्गाला पहिला मोठा मार्क मी पहिल्याच दिवसासाठी देते. पाळकसाहेबांनी बायबल उघडायच्या आधी स्पष्ट सांगितलं की इथे कोणाला 'बदलून' मिळणार नाही, तसं वचन देणाऱ्याकडे जाऊ पण नका. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 साली काढली, आपल्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही 2018 मध्ये हा आजार नाही असं सांगितलं, 2021 मध्ये मद्रास हायकोर्टाने असल्या 'उपचारां'वर बंदी घालायला सांगितलं आणि 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी हे गैरवर्तन ठरवलं. मग ते म्हणाले की हे फक्त सरकार आणि डॉक्टरच म्हणतायत असं समजू नका, अमेरिकेत 1976 पासून ख्रिस्ती लोकांचीच एक मोठी संस्था होती, एक्झोडस इंटरनॅशनल, जी प्रार्थनेने आणि समुपदेशनाने माणसं बदलतात असं सांगायची, तिच्याच प्रमुखाने 2013 मध्ये लोकांची जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद केली. आईने हे दोनदा विचारून घेतलं. त्या रात्री घरी येऊन ती नीट जेवली.

आता शिकवण्याबद्दल. पाळकसाहेब स्वतः पारंपरिक मताचे आहेत, लग्न एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच असं ते मानतात आणि हे ते लपवत नाहीत. पण दुसरी बाजू, म्हणजे निष्ठेच्या समलिंगी नात्यात पाप नाही हे मत, ते इतक्या प्रामाणिकपणे मांडतात की ती बाजू मानणाऱ्या माणसाला 'हो, मला असंच म्हणायचंय' असं वाटावं, आणि हे मी दुसरी बाजू मानणारी म्हणून सांगतेय. हे सोपं नाही. एरवी आपण जे ऐकतो त्यात समोरच्याचं मत मुद्दाम लंगडं करून सांगितलेलं असतं, उपदेशात पण आणि सोशल मीडियावर पण.

सदोमवाली संध्याकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. सदोम म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातलं ते गाव, जे देवाने पापासाठी नष्ट केलं. त्यांनी विचारलं सदोमचं पाप कोणतं, सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, समलैंगिकता, मग त्यांनी यहेज्केलचा सोळावा अध्याय उघडायला लावला आणि मागच्या रांगेतल्या एका काकांना एकोणपन्नासावं वचन मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यात आहे गर्व, अन्नाची चंगळ, निवांतपणा आणि गोरगरिबांना हात न देणं. काका वाचता वाचता थांबले, परत वरून वाचलं. आईचं बायबल खाकी कव्हरचं, आत जुन्या उपासनेचे कागद आणि वाळलेली झावळी, तिने पेन्सिल काढून उत्पत्ती एकोणीसच्या समासात यहेज्केलचा नंबर टाकला. मला वाटलं आता पाळकसाहेब इथेच थांबतील, पण त्यांनी लगेच पुढचं वचनही वाचायला लावलं ज्यात अमंगळ कृत्यांचा उल्लेख आहे, यहूदाच्या पत्रातलं सातवं वचन पण दाखवलं, आणि म्हणाले की सदोमचा या विषयाशी काहीच संबंध नाही असं म्हणू नका, पण हेही बघा की त्या गोष्टीत गावचा जमाव दारात आलेल्या पाहुण्यांवर जबरदस्ती करायला निघालाय, दोन माणसं निष्ठेने एकत्र राहतायत अशी ती गोष्टच नाही.

लेवीयच्या बाबतीत पण तसंच. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवू नये असं सांगणारा अठरावा आणि विसावा अध्याय सगळ्यांना माहीत असतो, त्यांनी मधला एकोणीसावा पूर्ण वाचायला लावला. त्यात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे आहे, परदेशी माणसावर प्रीती कर आहे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नको आहे, आणि दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नको हे पण आहे. एका कॉलेजच्या मुलाने लगेच म्हटलं की मग कापडाचं सोडलं तर हे पण सोडा ना. त्यावर पाळकसाहेबांचं उत्तर पक्कं होतं, की त्या दोन अध्यायांत जवळच्या नात्यातल्या संबंधांची मनाई पण आहे आणि ती आपण आजही पाळतोच, त्यामुळे जुनं म्हणून सोडा हा मुद्दा एकटा टिकत नाही. पण मग स्वतःच म्हणाले की विसाव्या अध्यायात मरणाची शिक्षा आहे आणि ती आपण कोणीच मागत नाही, तर आपण निवडून वाचतो हे तर खरंच, प्रश्न असा की कोणत्या कसोटीवर निवडतो, आणि तुमची कसोटी प्रभू येशूच्या वागण्याशी जुळते का. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, योहान आठ, तिथे वाचली. 'मीही तुला दंड ठरवत नाही' आणि 'पुन्हा पाप करू नको', दोन्ही वाक्यं वाचायची, एक खाऊन टाकायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर, जिथे तो समलिंगी संबंधांना दोष देतो, सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता, कारण पारंपरिक मताचा खरा आधार तिथे आहे आणि मत्तय एकोणीसमध्ये, जिथे प्रभू येशू उत्पत्तीचा दाखला देऊन नर आणि नारी म्हणतो. पाळकसाहेबांनी सांगितलं की काही अभ्यासक म्हणतात पौलाच्या डोळ्यासमोर मूर्तिपूजेची देवळं, गुलामांचं आणि पोरांचं शोषण, बेलगाम वासना हे रोमन जग होतं, आजच्यासारखं बरोबरीचं नातं त्याला माहीतच नव्हतं. आणि दुसरे अभ्यासक म्हणतात की पौल सृष्टीच्या रचनेबद्दल बोलतोय, शोषणापुरतं नाही. दोन्ही बाजूंना देवभीरू माणसं आहेत. पण त्यांनी सगळ्यांना पुढे दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन वाचायला लावलं, जिथे पौल दोष लावणाऱ्याकडेच वळतो की तुलाही सबब नाही, कारण त्याच यादीत लोभ, हेवा, चहाडी, आईबापांचं न ऐकणं पण आहे. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीत चहाडीबद्दल कोणाला प्रभुभोजनावरून उठवल्याचं मी सबंध सेवेत पाहिलं नाही. हे बोलताना त्यांचा आवाज चढला होता आणि मला ते आवडलं.

माझ्यासाठी मात्र सगळ्यात भारी भाग षंढांचा, म्हणजे खच्ची केलेल्या पुरुषांचा होता. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात असा माणूस परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असा नियम आहे, मग यशया छप्पन्नमध्ये देवच म्हणतो की षंढाने स्वतःला शुष्क झाड म्हणू नये, मी त्याला माझ्या घरात मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन, आणि मग प्रेषितांची कृत्ये आठव्या अध्यायात कूशी षंढ अधिकारी रथात बसून यशयाच वाचत असतो आणि फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे. फिलिप्प त्याला घेऊन सरळ पाण्यात उतरतो. हे तीन परिच्छेद मी आधी कधी एकापुढे एक ठेवून वाचलेच नव्हते. पाळकसाहेबांनी इथेही सांगितलं की यातून समलिंगी विवाह सिद्ध होत नाही, माणसाला आत घेतलं एवढंच सिद्ध होतं. मान्य. पण 'एवढंच' म्हणायला हे केवढं मोठं आहे!

आणि मग तो प्रश्न, ज्याच्यासाठी तरी प्रत्येक मंडळीच्या कारभारी वडीलजनांनी इथे यावं. पारंपरिक मत असं की समलैंगिक माणसाने ब्रह्मचारी राहावं. पाळकसाहेब स्वतः हेच मानतात. ते म्हणाले, ठीक आहे, पौलाने एकटं राहण्याचं मोल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितलंय, पण मग मार्क दहामधलं वचन पण तुम्हालाच पुरं करायचंय, की माझ्यासाठी घरदार सोडणाऱ्याला शंभरपट भाऊ, बहिणी, आया मिळतील. त्या आया कोण? नाताळच्या दिवशी तो मुलगा कोणाच्या घरी जेवणार? आई चटकन म्हणाली, "माझ्या घरी, त्यात विचारायचं काय?" पाळकसाहेब म्हणाले, "ताई, आणि तुम्ही नसाल तेव्हा?" आईकडे उत्तर नव्हतं. मग समोरच्या बाकावरच्या एक मावशी, ज्यांना आम्ही ओळखत पण नव्हतो, वळून म्हणाल्या, "आमच्याकडे पाठवा, पत्ता देते." आणि खरंच चहाच्या वेळी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

एका गृहस्थांनी नेहमीचा मुद्दा काढला की हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे. उत्तर ऐकण्यासारखं होतं. पहिलं म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम हेच बाहेरून आलेलं, 1860 च्या इंग्रजांच्या दंडसंहितेतलं, जे सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. दुसरं म्हणजे आपण इंदूरचे ख्रिस्ती तरी कोणाच्या हातून आलो, कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 मध्ये इथे आले, 1887 मध्ये क्रिश्चियन कॉलेज काढलं, 1925 मध्ये त्यांच्यातले बहुतेक युनायटेड चर्च ऑफ कॅनडात गेले आणि त्या चर्चने 1988 मध्येच समलैंगिक माणसांना सभासदत्व आणि पाळकपण दोन्ही खुलं केलं. म्हणजे ज्यांनी आपल्याला बायबल दिलं त्यांनीच पुढे ते वेगळं वाचलं, आता त्यांना चूक म्हणा किंवा बरोबर, पण मिशनरींनी असंच शिकवलं म्हणून विषय बंद करता येणार नाही. कॅथलिकांचंही त्यांनी नीट सांगितलं, की त्यांची धर्मशिकवण असे संबंध चूकच मानते पण माणसाला आदराने, करुणेने आणि हळुवारपणे वागवा, अन्यायाचा भेदभाव नको असंही बजावते, आणि डिसेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, लग्नविधी म्हणून नाही. आपल्याकडे समलिंगी लग्नाला मान्यता नाहीच, 17 ऑक्टोबर 2023 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तसाच आहे, आणि चर्चमधली लग्नं तर अजून 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लागतात.

मला इथे आपल्या नारायण वामन टिळकांची आठवण हवी होती, ती त्यांनी काढली नाही. 1917 मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसवले होते, त्या काळात! मराठी ख्रिस्ती परंपरेत दार मोठं करणारी माणसं होती हे अशा वर्गात सांगायलाच पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं की सगळं कॅनडात आणि रोममध्येच ठरतं.

आता उणिवा. सगळ्यात मोठी ही की पूर्ण वर्गात एकही समलैंगिक ख्रिस्ती माणूस समोर उभा राहून बोलला नाही. आईवडील बोलले, पाळक बोलले, मी बोलले, पण ज्याच्याबद्दल सगळं चाललंय त्याची साक्ष नाही. मी हे विचारलं तर म्हणाले कोणी तयार होत नाही, भीती वाटते. भीती वाटणारच, पण आवाज रेकॉर्ड करून ऐकवता येईल, पत्र वाचून दाखवता येईल, नाव न सांगता. माझ्या भावाने लिहून द्यायची तयारी दाखवलीय, बघू घेतात का. दुसरं, शिकवायला एकही बाई नाही आणि लेस्बियन मुलींबद्दल तर जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे अशा मुलीचं सरळ लग्न लावून टाकतात, त्या घरात दोन आयुष्यं जातात, तिचं आणि त्या नवऱ्याचं पण, यावर एक तरी पूर्ण संध्याकाळ हवी. तिसरं, झेरॉक्स इतक्या फिकट की आईला चष्मा लावूनही वाचता आल्या नाहीत, मोठ्या अक्षरात काढा हो, निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. आणि चहाच्या वेळी एक बाई आईला बाजूला घेऊन परत तेच 'सुटके'चं सांगायला लागल्या होत्या, पाळकसाहेबांनी येऊन थांबवलं, पण दारातच तसा नियम लिहून लावायला हवा.

वर्गाने आम्हाला काय दिलं ते पण लिहिते. आई आजही पारंपरिक वाचनावर ठाम आहे. मी नाही. भावाने उद्या कोणाशी निष्ठेने संसार मांडला तर मला त्यात पाप दिसत नाही, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ज्या प्रीतीबद्दल बोलतो, सहनशील, परोपकारी, हेवा न करणारी, ती मला तिथे दिसू शकते. आधी आम्ही दोघी यावर बोललो की पाचव्या मिनिटाला एक जण उठून स्वयंपाकघरात जायची. आता आम्ही वाद घालतो, वचनं काढून घालतो, आणि वाद चालू असतानाच आई त्याला व्हिडिओ कॉल लावते, की जेवलास का रे, आणि तुझ्या त्या मित्राला बरं आहे का आता. मित्राबद्दल ती स्वतःहून विचारते हे या वर्गाआधी झालेलं नव्हतं.

पाचपैकी चार स्टार. ज्यांना आपलंच मत बरोबर आहे असा शिक्का मारून हवाय, इकडचा असो की तिकडचा, त्यांची निराशा होईल. ज्या घरात बायबल खरंच वाचलं जातं आणि मुलगा किंवा मुलगी पण गमवायची नाही, त्यांनी जरूर जावं, आईवडिलांना घेऊन जावं. पण मुलाला जबरदस्तीने ओढून नेऊ नका, त्याला यायचं तर येईल. आणि घरात कोणी फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर या वर्गाची वाट बघू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास चालते, फोन करा आणि डॉक्टरला दाखवा.

बायबल घरून न्या, तिथे ठेवलेल्या बहुतेक प्रती हिंदी आहेत. हॉल वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी आधी फोन केला तर खालच्या खोलीत बसतात, आम्ही आईसाठी तसंच करून घेतलं. गाडी गल्लीत लावू नका, शेजारचे लोक चिडतात, मेन रोडवर लावून चालत या.